मुठीतला भंडारा

दगडाबाई थिएटरच्या काचेच्या दाराशी थांबली आणि वाकून पायातल्या चपला काढू लागली.

"आत्या, राहू दे. इथे चपला काढायच्या नसतात," त्रिंबक घाईने म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने इकडेतिकडे पाहून घेतलं. कुणी बघितलं तर नाही ना!

"आत मोठी मान्सं बसली आसतील की."

"असू दे. तू घाल बरं."

दारावरचा रखवालदार हसला. "पैनके जाव अम्मा. चप्पल निकालने कोन बोला?"

त्रिंबकच्या दंडाला धरून तिने एकेक चप्पल पुन्हा पायात सरकवली. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं, घड्यांच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. मागे रस्त्यावर पिकअपमधून माणसं उतरत होती. बिडकीनच्या पलीकडच्या वस्तीवरची सगळी मंडळी आज कामं टाकून शहरात आली होती. आपली दगडाबाई सिनेमात आहे म्हटल्यावर घरी बसतं कोण? पटके, नवी लुगडी, कडेवर पोरं. औरंगपुऱ्यातली दुकानदार मंडळी उंबऱ्यावर येऊन बघत होती.

आत्याचा मुलगा मुंजाबा चितेगावच्या कंपनीत कामाला. त्याने आजची पाळी बदलून घेतली होती. त्रिंबकला कोपऱ्यात ओढून त्याने शर्टाचं एक बटण उघडलं आणि आतली पिशवी दाखवली. पिवळाधमक भंडारा.

"समद्यांच्या मुठीत देनार हाय दादा. आई पडद्यावर दिसली रं दिसली, की उधळायचा! त्या दारावरच्याला नगं सांगू फकस्त."

वस्तीवर पोर जन्मलं तरी भंडारा, जत्रेत बकरं जिंकलं तरी भंडारा. त्याच्याशिवाय कुठली गोष्ट चांगली झाली असं ती माणसं मानतच नाहीत.

"मुंजाबा, ऐक ना जरा. फोनवर म्हणालो होतो बघ, थोडं कमी केलंय..."

"व्हय की! थोडं तर थोडं. एकदा तिचं तोंड दिसलं की झालं आमचं." मुंजाबाने बटण लावलं आणि तो लोकांना आत हाकायला पळाला.

थोडं नव्हे, सगळंच काढलं होतं. लांबून दिसणाऱ्या कळपामागे एक ठिपका चालत जातो, तेवढा दगडाबाईचा. आणि तो तिचा आहे हे तिलाही कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

सिनेमा त्रिंबकचा स्वतःचा, पहिलाच. मेंढरांमागून उठून पोरगा पुण्याला शिकायला गेला, कॅमेऱ्यामागे उभा राहिला, आणि बोलण्यातलं 'व्हय' आणि 'नाय' हळूहळू तिकडेच कुठेतरी टाकून आला. गोष्ट त्याने पुढच्या काळातली लिहिली होती. सगळी गायरानं कंपन्यांच्या भिंतीआड गेलेली आणि उरलेली मेंढरं राखायला आकाशातून एक यंत्र उतरतं. यंत्र मोठं हुशार, पण त्याला एक काही केल्या उमगत नाही. ही लंगडी मेंढी, ना लोकर देत ना पिल्लू, आणि ही म्हातारी तिला कशापायी सांभाळते? रोज संध्याकाळी ते तिच्या चुलीपाशी येऊन बसतं आणि विचारतं. बस्स, एवढीच गोष्ट. म्हातारीच्या कामाला बाहेरची नटी कशाला हवी, घरात आत्या होतीच.

शूटिंगच्या दिवशी आत्या लिहून दिलेली वाक्यं साफ विसरली आणि आपल्या मनाचं बोलू लागली. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचं. मग वासावर मेंढी त्याला आपलं समजते आणि पाजते. हे तिने यंत्राला नीट समजावून सांगितलं. मग स्वतःचं सांगू लागली.

"मपल्या पोरीचंबी आसंच झालं. ती गेली, आन् मागोमाग भावजय गेली बाळंतपनात. मायनं काय केलं, मपल्या पोरीचं टोपडं भावाच्या लेकराला घातलं आन् माझ्या मांडीवर दिलं. पाजलं मी."

ते लेकरू म्हणजे त्रिंबक. आत्याच्या दुधावर आपण वाढलो हे त्याला ठाऊक होतं. टोपड्याचं मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. आत्याने पदराने तोंड पुसलं आणि यंत्राच्या काचेच्या डोळ्याकडे बघून विचारलं,

"तुला पाजलं व्हतं का रं कुनी?"

कॅमेरा बंद झाला. निर्माते नानासाहेब बाभळीखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि त्या पैशातूनच हा सिनेमा उभा राहिलेला. माणूस एरवी कडक, पण ते उठून बाजूला गेले आणि कितीतरी वेळ नाक शिंकरत राहिले. परत आल्यावर म्हणाले, "बाकी काय कापायचं ते कापा. ह्याला हात लावू नका."

मग पुण्यात, एका लहानशा हॉलमध्ये, सिनेमा जाणकार मंडळींना दाखवला. तुला पाजलं व्हतं का रं कुनी, असं आत्याने यंत्राला विचारलं आणि पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारची बाई हसली, मग ते हसू हॉलभर पसरलं. वाईट हेतूने हसले असंही नाही म्हणता येणार. आणि त्रिंबक? मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला त्रिंबकही हसला. चांगला आवाज काढून हसला, मीही तुमच्यातलाच आहे हे त्या लोकांना कळावं म्हणून. हसून झाल्यावर त्याचे कान असे तापले की तो हॉलबाहेर जाऊन उभा राहिला.

नंतर चहा पिताना लोक म्हणाले, "विचार छान आहे हो, पण घडत काहीच नाही. थोडी भव्यता हवी. थोडी मारामारी आली तर विचारही पोचेल." खोटं कशाला बोला, त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. सिनेमा जागोजागी रेंगाळत होता. पण त्रिंबकने रेंगाळणारं काढलं नाही. ज्याला लोक हसले ते काढलं. चुलीपाशी आता म्हातारीऐवजी एक देखणा वैमानिक आला, दुसरी यंत्रं चाल करून आली, डोंगर फुटले, आभाळ पेटलं. नानासाहेबांना तो म्हणाला, वितरक ऐकत नाहीत. बाकी सगळ्यांना म्हणाला, नानासाहेब ऐकत नाहीत. आत्याला काहीच म्हणाला नाही.

आणि आता ती मधल्या रांगेत बसली होती. चपला काढून खुर्चीखाली सारलेल्या, पाय वर घेऊन मांडी घातलेली, उजवी मूठ मिटलेली. रांगेतल्या साऱ्यांच्या मुठी मिटलेल्या होत्या. त्रिंबक दाराच्या पडद्याआड उभा राहिला.

सिनेमा सुरू झाला. मेंढरं दिसल्याबरोबर रांग सरसावून बसली. "आपलं माळरान! ते बग, ते बग, देवळामागचं!" कळप दूर गेला, मागचा ठिपका गेला, वैमानिक आला, आणि मुठी तशाच राहिल्या.

मध्यंतरात दिवे लागले. त्रिंबकला बाहेर सटकायचं होतं, पण मुंजाबाने हाक मारली. आत्या डाव्या हातात चहाचा कप धरून बसली होती.

"मी कवा येती रं?" तिने विचारलं.

सगळी रांग त्याच्याकडे बघू लागली. शेजारच्या सखूबाईने तर तोंडातला समोसा चावायचा थांबवला. सांगायची हीच वेळ होती. आत्या, तू नाहीस, एवढंच तर म्हणायचं होतं. 

"पुढे आहे," त्रिंबक म्हणाला.

"फुडं हाय, फुडं हाय!" मुंजाबाने पलीकडे सांगितलं, आणि ते शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. त्रिंबक बाहेर जाऊन समोशांच्या काउंटरपाशी उभा राहिला. हे आपण काय बोललो! त्याला स्वतःची किळस आली. पुण्यात हसलो ते निदान अंधारात तरी. हे तर भर उजेडात, तिच्या तोंडावर.

पुढच्या भागात मारामारीला तोंड लागलं आणि थिएटर उठून बसलं. पहिल्या रांगेतली कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! त्या आवाजाने त्रिंबकच्या अंगावर काटा आला, आणि तो सुखाचा काटा होता. आपण केलेल्या गोष्टीवर माणसं अशी वेडी होतायत, कुणाला नाही आवडणार? मग पडद्यावरच्या स्फोटाचा उजेड मधल्या रांगेवर पडला आणि त्याला त्या मुठी दिसल्या. कुणी मांडीवर ठेवलेल्या, कुणी छातीशी धरलेल्या. सखूबाईने तर भंडारा या हातातून त्या हातात घेऊन घामेजलेला तळवा लुगड्याला पुसला आणि पुन्हा मूठ आवळली. कुणी शिट्टी मारली नव्हती, की कुणी उठून गेलं नव्हतं. ती माणसं नुसती वाट बघत होती.

"संपत आला वाटतं," कुणीतरी कुजबुजलं.

"गप. यील आता."

सिनेमा संपणार, दिवे लागणार, आणि भरल्या मुठी घेऊन ही माणसं त्याच्या समोरून बाहेर पडणार.

पडद्यावर शत्रूचं मोठं विमान डोंगरामागून वर आलं आणि त्याने गर्जना केली. थिएटर हादरलं. मुंबईच्या स्टुडिओत एका माणसाने पत्र्याचा मोठा तुकडा हलवून तो आवाज काढला होता. त्रिंबक तेव्हा शेजारी बसून होता.

मधल्या रांगेत दगडाबाई ताडकन उभी राहिली.

"अगं बया! हा तर मपला आवाज!"

"आं? तुजा?" मुंजाबा म्हणाला.

"व्हय! मेंढरं वळवताना हाळी घालती ना, ती! मोठी केलीया नुसती. कान हायत का न्हाईत रं तुमाला? मुंज्या, उधळ की!"

मग विमान दुसऱ्यांदा गरजलं आणि मुंजाबा ओरडला, "येळकोट येळकोट, जय मल्हार!" साऱ्या मुठी एकदम उघडल्या. भंडारा वर उडाला, प्रोजेक्टरच्या झोतात आला, आणि पडद्यावरचं विमान, आग, डोंगर सगळं पिवळं होऊन गेलं. पुढची पोरं मागे वळून शिट्ट्या फुंकू लागली. त्यांना वाटलं, लढाईवर खूश होऊन उधळला. त्रिंबकने दाराच्या पडद्याचं कापड घट्ट धरलं. पिवळ्या धुळीत आत्या अजून उभीच होती आणि हसून सगळ्यांकडे बघत होती.

खेळ सुटल्यावर बाहेर गोंधळ माजला. खुर्च्या खराब झाल्या म्हणून मॅनेजर तणतणत होता आणि नानासाहेब त्याची समजूत घालत होते, "झाडून देतो बाबा आम्ही, गप बस की जरा." वस्तीची मंडळी डोक्याखांद्यावर पिवळी होऊन आनंदात उभी होती. तेवढ्यात एका वाहिनीची मुलगी माइक घेऊन त्रिंबकपाशी आली.

"सर, सुरुवात इतकी वेगळी वाटत होती. माणसाला कशाची किंमत वाटते हे एक यंत्र विचारतं, आणि मग एकदम स्फोट, लढाई. या सगळ्या झगमगाटात तो विचार वाहून गेला, असं नाही वाटत तुम्हाला?"

उत्तर पाठ होतं. "असं आहे, की विज्ञानपटाला भव्यता लागतेच. शिवाय निर्मात्यांच्या काही गरजा असतात, प्रेक्षकांच्या असतात..."

नानासाहेब मागेच उभे होते. त्यांनी मान वर करून त्रिंबककडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढली, तिच्यावरचा भंडारा बोटाने झटकला आणि पुन्हा घातली.

"ओ ताई, हे दाखवा की टीव्हीवर!" मुंजाबा मधे घुसला. त्याने आईचा हात धरून तिला कॅमेऱ्यासमोर आणलं. "त्या इमानाचा आवाज हाय ना, तो हिचा हाय. आमच्या आईचा! दादा, सांग की यास्नी. आईचाच व्हता ना?"

माइक त्रिंबकच्या तोंडासमोर आला. आत्या त्याच्याकडे बघत नव्हती. ती खाली, आपल्या अनवाणी पायांकडे बघत होती.

"व्हय," त्रिंबक म्हणाला.

किती वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून आला होता, आणि आला तो खोटं बोलायला.

"अगं बाई, चपला ऱ्हायल्या आत," आत्या एकदम म्हणाली.

"मी आणतो," म्हणून त्रिंबक आत पळालाच. रिकाम्या थिएटरात दिवे लागले होते. एक बाई खराट्याने खुर्च्यांमधला भंडारा ओढत होती, त्याचा ढीग जिन्यापाशी साचला होता. मधल्या रांगेत, खुर्चीखाली, चपला एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या होत्या. त्याने त्या उचलल्या आणि जरा वेळ तिथेच खुर्चीच्या दांड्यावर बसला. झाडणारीने "उठा दादा" म्हटलं तेव्हा उठला.

तो बाहेर आला तेव्हा मंडळी पिकअपमध्ये चढत होती. आत्या गाडीच्या मागच्या फळकुटाच्या कडेला पाय सोडून बसली होती. तो खाली बसला आणि तिच्या पायात चपला घालू लागला. चौकातली माणसं बघत होती. या वेळी त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही.

"कशाचा व्हता रं तो आवाज?" आत्याने हळूच विचारलं.

"पत्र्याचा."

"वाटलंच मला. मुंजाला नगं सांगू." तिने दुसरा पाय पुढे केला. "काय करती मग? समदी मुठी आवळून बसलेली. तशीच घरी नेली आसती, तर तुपलीबी लाज आन् मपलीबी."

त्रिंबकला वर बघवेना. चपलेचा अंगठा सरळ करत तो तसाच बसून राहिला.

"लई वंगाळ बोलले का मी तवा? म्हून काढलं?"

"नाय आत्या! नाय गं."

"मग कामून?"

पिकअपचं इंजिन सुरू झालं. मुंजाबा पुढून ओरडला, "चला, चला!" आता काही सांगितलं नाही तरी चाललं असतं. गाडी निघून गेली असती.

"पुण्यात दाखवला तवा लोक हसले," त्रिंबक म्हणाला. "तुला पाजलं व्हतं का म्हनलीस ना, त्याला."

आत्याने जरा विचार केला. "हसू दे की. यंत्राला कुनी आसं इचारतं व्हय! मलाबी मागून हसू आलं व्हतं." मग तिने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, लहानपणी दूध सांडलं की करायची तसं.

"आन् तू?"

त्रिंबकचे डोळे भरून आले. सारा चौक, नानासाहेब, माइकची वायर गुंडाळणारी ती मुलगी, कुणाचंच त्याला भान राहिलं नाही.

"मीबी हसलो."

आत्याने हनुवटी सोडली. रागावली असती तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. तिने उजवा हात मांडीवर घेतला आणि मूठ उघडली. त्रिंबकला आत्ता कळलं, सगळ्यांनी उधळला तेव्हा तिने उधळला नव्हता. घामाने भिजून भंडाऱ्याचा गोळा झाला होता. निघताना वडीलधारी माणसं लावतात तसा ती तो त्याच्या कपाळाला लावेल म्हणून त्याने मान पुढे केली.

आत्याने पदराचं टोक घेतलं, भंडारा त्यात ठेवला आणि घट्ट गाठ मारली.

"हा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मी दिसन तवा."

गाडी हलली. पोरांनी हात केले, मुंजाबाने पुढून पुन्हा एकदा येळकोट घातला. औरंगपुऱ्याच्या वळणापर्यंत आत्याचे पाय फळकुटावरून लोंबताना दिसत राहिले. पाठीमागे पुढच्या खेळाला माणसं जमू लागली होती. दारावरच्या रखवालदाराने त्रिंबककडे बघून स्वतःच्या हाताकडे बोट केलं, आणि त्रिंबकने पाहिलं तर मघाशी तिच्या चपला धरल्या होत्या ते त्याचे दोन्ही तळवे पिवळे झाले होते.